थुंकी स्वच्छ आली, मग गोळ्या कशाला?

“मॅडम, खोकला थांबला, ताप गेला, वजन चार किलोनं वाढलं. थुंकीत जंतू नाहीत असं तुमचाच कागद सांगतो. मग अजून चार महिने गोळ्या कशाला?”

सरकारी रुग्णालयात टीबीच्या रुग्णांकडून हा प्रश्न मी पंचवीस वर्षे ऐकते आहे. प्रश्न चुकीचा नाही. दुसरा कुठलाही आजार बरा झाला की आपण औषध थांबवतोच.

काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका गवंड्याने विचारला होता. चाळिशीच्या आतला माणूस, दोन मुले, हातावर पोट. त्या दिवशी टेबलावर केसपेपरचा गठ्ठा पडला होता आणि बाहेर रांग होती. मी म्हणाले, “कोर्स पूर्ण करायचा असतो, दादा. मध्येच सोडायचा नाही.” त्याने मान डोलावली. तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडून तो दुसऱ्या तालुक्यात कामावर निघून गेला. पावसाळा संपता संपता परत आला, तेव्हा बायको त्याला हाताला धरून आणत होती. थुंकीत पुन्हा जंतू सापडले, आणि या वेळी रिफॅम्पिसिन हे टीबीचे मुख्य औषध त्यांच्यावर चालत नव्हते. तो वाचला. पण त्यासाठी जवळपास दोन वर्षे औषधे घ्यावी लागली, आणि तेव्हा द्यावी लागणारी इंजेक्शने त्याच्या कानांना बाधली. आजही त्याच्याशी मोठ्याने बोलावे लागते.

त्याने मला ‘का’ विचारले होते आणि मी त्याला हुकूम दिला होता. ही गोष्ट मला अजून सलते. म्हणून आज त्या ‘का’चे उत्तर सविस्तर द्यायचे आहे. त्या उत्तराचा एक मोठा भाग गेल्या वीस वर्षांत एका अनपेक्षित ठिकाणाहून आला आहे. तिथे ना सूक्ष्मदर्शक आहे, ना परीक्षानळी. तिथे संगणकाच्या पडद्यावर रोगजंतू आणि आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी यांची लढाई खेळवली जाते.

वेढा पडतो, पण गड पडत नाही

आधी ही लढाई कुठे होते ते पाहू. टीबीचा जंतू श्वासातून फुफ्फुसात जातो. तिथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. आलेला जंतू गिळायचा आणि पचवायचा हे त्यांचे काम. बहुतेक जंतू असे संपतात. टीबीचा जंतू मात्र गिळला गेल्यावरही त्या पेशीच्या पोटात जिवंत राहू शकतो आणि तिथेच वाढू शकतो. त्याची वाढ अगदी संथ असते. आतड्यातला ई कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळपास एक दिवस लागतो.

जंतू आत शिरल्याचे कळले की शरीर कुमक पाठवते. आणखी भक्षक पेशी येतात, काही आठवड्यांनी टी पेशी येतात. या टी पेशी भक्षक पेशींना ‘चेतवतात’, म्हणजे गिळलेला जंतू मारण्याची ताकद त्यांना देतात. सगळे मिळून जंतूंभोवती वेढा घालतात आणि त्यातून एक छोटी, गोल गाठ तयार होते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. ती साधारण एक-दोन मिलिमीटरची, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी असते. बऱ्याच गाठींच्या मध्यभागी मेलेल्या पेशींचा पांढरट, पनीरच्या चुऱ्यासारखा गाळ साचतो. तिथे रक्तवाहिन्या नसतात, प्राणवायू कमी असतो. अशा जागी काही जंतू वाढ थांबवून पडून राहतात. रसद तुटलेल्या गडातली शिबंदी जशी हालचाल न करता दिवस काढते, तसे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी या जंतूची लागण झालेली असते. त्यांतल्या पाच ते दहा टक्क्यांनाच पुढे आयुष्यात प्रत्यक्ष आजार होतो. म्हणजे बहुतेकांच्या शरीरात वेढा टिकतो. काहींचा का मोडतो, आणि मोडल्यावर औषधे इतके महिने का लागतात, हे दोन प्रश्न टीबीच्या अभ्यासाच्या मुळाशी आहेत.

आता अडचण अशी की ही गाठ चालू असताना पाहता येत नाही. एक्स-रेमध्ये डाग दिसतो, डागाच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही. शस्त्रक्रियेत काढलेला फुफ्फुसाचा तुकडा म्हणजे क्रिकेटच्या सामन्यातला एक फोटो. फोटोत फलंदाज, गोलंदाज सगळे दिसतात, पण सामना कोण जिंकतो आहे ते त्यावरून कळत नाही. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांमध्ये माणसासारखी गाठ सहसा बनतच नाही. माकडांमध्ये बनते, पण ते प्रयोग खर्चिक आणि वेळखाऊ असतात, आणि प्राण्यांचा विचार करता ते मोजकेच करायला हवेत.

दहा हजार घरांचा पट

इथे संगणक उपयोगी पडला. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात डेनिस किर्शनर या मूळच्या गणिताच्या अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ग्रॅन्युलोमा कसा तयार होतो याचे एक संगणकीय प्रारूप प्रसिद्ध केले. पुढे त्याला ‘ग्रॅनसिम’ हे नाव मिळाले. रासायनिक अभियंता जेनिफर लिंडरमन आणि पिट्सबर्ग विद्यापीठात माकडांमधल्या टीबीवर काम करणाऱ्या जोॲन फ्लिन यांच्या साथीने ते वाढत गेले. गणितज्ञ, अभियंता आणि रोगप्रतिकारशास्त्रज्ञ एकत्र बसल्याशिवाय हे काम होण्यासारखे नव्हते.

त्याची मूळ कल्पना समजायला सोपी आहे. बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात. इथे १०० गुणिले १००, म्हणजे दहा हजार घरांचा पट घ्या. प्रत्येक घर २० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. एक भक्षक पेशी मावेल एवढी जागा. सगळा पट मिळून दोन मिलिमीटर गुणिले दोन मिलिमीटरचा फुफ्फुसाचा तुकडा झाला. त्यात काही घरांवर रक्तवाहिन्या आहेत, तिथून नव्या पेशी पटावर येतात. मध्यभागी थोडे जंतू ठेवायचे आणि खेळ सुरू करायचा.

प्रत्येक सोंगटीला नियम ठरवून दिलेले असतात. भक्षक पेशी इकडेतिकडे फिरते. जिथून रासायनिक संदेशाचा वास जास्त येतो तिकडे जाण्याचा तिचा कल असतो. शेजारच्या घरात जंतू सापडला तर ती तो गिळण्याचा प्रयत्न करते. कधी मारते, कधी स्वतःच बाधित होते. बाधित पेशीत जंतू वाढत जातात आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की पेशी फुटते, जंतू आजूबाजूच्या घरांत पसरतात. एकाच जागी पुष्कळ पेशी मेल्या की तिथे तो गाळ साचतो. टी पेशी उशिरा येतात, बाधित पेशी शोधतात आणि जवळ पोचल्या तरच तिला मदत करू शकतात. दर दहा मिनिटांनी प्रत्येक सोंगटीची एक चाल होते. दोनशे दिवसांची लढाई पाहायची तर २८,८०० चाली खेळाव्या लागतात. माणसाला ते अशक्य, संगणकाला नेहमीचे काम.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ‘गोल गाठ तयार करा’ असा नियम कुणालाच दिलेला नसतो. प्रत्येक पेशी फक्त आपल्या शेजारी काय आहे ते पाहून वागते. तरीही काही आठवड्यांच्या खेळानंतर पटावर आपोआप गाठ उभी राहते. मध्ये गाळ, भोवती भक्षक पेशी, कडेला टी पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही जी गाठ पाहतो तिच्यासारखीच. पेशींचे वागणे आपल्याला साधारण बरोबर कळले आहे, याची ती खूण.

मग खेळ पुन्हा पुन्हा, निरनिराळे आकडे घालून खेळवला जातो. टी पेशी दहा दिवस उशिरा आल्या तर? संदेशाचे रसायन जास्त दूर पसरले तर? जंतू थोडा वेगाने वाढला तर? निकाल ढोबळमानाने तीन प्रकारचे येतात. जंतू पूर्ण नष्ट होतात, वेढ्यात अडकून राहतात किंवा वेढा फोडून पसरतात. कुठला आकडा बदलला की निकाल पालटतो, हे त्यातून कळते.

बघ्यांची गर्दी

पहिल्याच अभ्यासात एक गोष्ट अशी समोर आली की ती वाचून मी थबकले. आपल्याला वाटते, जितक्या जास्त भक्षक पेशी तितके चांगले. प्रारूप सांगत होते की गाठीत भक्षक पेशींची गर्दी न होणे हेही जंतू आटोक्यात राहण्यासाठी महत्त्वाचे आहे. चौकात भांडण झाले की बघ्यांची इतकी गर्दी होते की पोलिसांनाच आत शिरता येत नाही, तसे काहीसे. चेतवलेल्या नसलेल्या भक्षक पेशी जंतू मारू शकत नाहीत, उलट त्याला राहायला नवी घरे मिळतात. टी पेशी किती आल्या याच्याबरोबर त्या कधी आल्या आणि नेमक्या कुठे पोचल्या, यालाही तितकेच वजन होते.

दुसरी गोष्ट टीएनएफ नावाच्या रसायनाची. प्रतिकारशक्तीच्या पेशी ते सोडतात. त्याने नव्या पेशी येतात, भक्षक पेशी चेततात, काही पेशी मरतातही. ते नसेल तर टीबी आटोक्यात राहत नाही, हे फ्लिन यांनी १९९५ साली उंदरांमध्ये दाखवले होते. संगणकावर टीएनएफ बंद केले की वेढा ढासळतो. पण ते जास्त झाले तरी घोटाळाच. दाह वाढतो आणि जंतूंपेक्षा फुफ्फुसाचेच नुकसान अधिक होते. वरणात मीठ जितके नेमके लागते तितकेच नेमके इथे टीएनएफ लागते.

याचा आमच्या रोजच्या कामाशी थेट संबंध आहे. संधिवातासाठी आणि आतड्याच्या काही आजारांसाठी टीएनएफ अडवणारी औषधे निघाली. २००१ साली अमेरिकेत त्यांतल्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधानंतर टीबी झाल्याच्या ७० घटनांची नोंद प्रसिद्ध झाली. शांत बसलेला जंतू वेढा सैल होताच उठला होता. त्याच गटातल्या इटानरसेप्ट या औषधाने हा धोका तुलनेने कमी दिसत होता. असे का, याचे एक उत्तर २०१२ साली ग्रॅनसिममधून मिळाले. औषधाचा रेणू टीएनएफला किती घट्ट धरतो आणि गाठीत किती शिरू शकतो, यावर धोका ठरतो. म्हणून संधिवाताच्या रुग्णाला असे इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांनी टीबीची तपासणी सांगितली, तर ती टाळू नका.

एकाच फुफ्फुसात अनेक लढाया

पडद्यावर दिसले ते शरीरात घडते का? हे तपासल्याशिवाय अशा प्रारूपाला किंमत नाही. फ्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या फुफ्फुसातली एकेक गाठ स्कॅनवर पाहून, नंतर वेगळी काढून तिच्यातले जंतू मोजले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले की प्रत्येक गाठ बहुधा एकाच जंतूपासून सुरू होते आणि पुढे प्रत्येकीचा प्रवास निराळा असतो. आजारी माकडाच्या फुफ्फुसातही काही गाठी पूर्ण निर्जंतुक झालेल्या होत्या, आणि त्याच फुफ्फुसात दुसऱ्या गाठीत जंतू वाढत होते. अशा मोजमापांवरूनच ग्रॅनसिमचे आकडे पुन्हा पुन्हा दुरुस्त केले जातात.

म्हणजे ‘माझा टीबी’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात अनेक लढाया एकाच वेळी चालू असतात. बहुतेक जिंकल्या तरी एक हरली की माणूस आजारी पडतो.

गोळी पोटात गेली, गाठीत पोचली का?

आता गवंड्याच्या प्रश्नाकडे येऊ. गोळी पोटात विरघळते, औषध रक्तात येते, रक्तातून फुफ्फुसात जाते. गाठीच्या मध्यभागी मात्र रक्तवाहिनीच नाही. तिथे औषधाला पेशींच्या थरांतून झिरपत जावे लागते, जसे पाणी चिकणमातीत हळूहळू मुरते.

किर्शनर आणि लिंडरमन यांच्या गटाने २०१५ साली पटावर औषधेही आणली. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या आपल्याकडेही रोज दिल्या जाणाऱ्या दोन गोळ्या. रक्तात त्या किती चढतात, किती वेळात उतरतात, गाठीत कशा झिरपतात हे सगळे नियमांत बसवले. प्रारूपाने सांगितले की गाठीच्या आत औषधाची पातळी वरचेवर परिणामकारक मर्यादेच्या खाली जाते. कडेला जास्त, मध्यभागी कमी. एक डोस उतरल्यावर आणि दुसरा चढेपर्यंतच्या वेळात जंतूंना पुन्हा वाढायला फट मिळते. आणि उरलेले जंतू बहुतेक करून पेशींच्या पोटात किंवा प्राणवायू नसलेल्या गाळात असतात. वाढत नसलेल्या जंतूला मारणे औषधाला जड जाते. उपचार इतके महिने का चालतात याचे मोठे कारण या फटीत आहे.

त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने टीबीच्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या फुफ्फुसाच्या तुकड्यांवर औषधांचा अक्षरशः नकाशा काढला. त्यात दिसले की रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड गाळापर्यंत पोचतात. रिफॅम्पिसिन तर डोसामागून डोस घेतल्यावर तिथे साठत जाते. मॉक्सिफ्लॉक्सासिन हे औषध कडेच्या पेशींत भरपूर सापडले, मधल्या गाळात मात्र फारसे शिरले नव्हते.

हे वाचून मला एका मोठ्या चाचणीची आठवण झाली. मॉक्सिफ्लॉक्सासिन घातले तर सहाऐवजी चार महिन्यांत टीबी बरा होईल, अशी उंदरांमधल्या प्रयोगांवरून आशा होती. भारतासह अनेक देशांतल्या १,९३१ रुग्णांवर ती तपासली गेली. निकाल २०१४ साली आला. नव्या औषधाने थुंकीतले जंतू जुन्या कोर्सपेक्षा लवकर घटले. सगळ्यांना वाटले, जिंकलो. पण ठरल्याप्रमाणे उपचार पूर्ण केलेल्यांमध्ये सहा महिन्यांच्या कोर्सने शंभरांतले ९२ बरे राहिले, तर चार महिन्यांच्या दोन कोर्सनी ८५ आणि ८०. उरलेल्यांतल्या अनेकांचा आजार उलटला होता.

थुंकी स्वच्छ होणे आणि फुफ्फुस स्वच्छ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कसे सांगणार? थुंकीत येतात ते श्वासनळीशी जोडल्या गेलेल्या भागातले जंतू. ते आधी मरतात. बंद गाठीच्या गाळात बसलेले थुंकीत येतच नाहीत, त्यामुळे तपासणीतही सापडत नाहीत. दोन महिन्यांनी हातात येणारा तो स्वच्छ कागद खराच असतो. पण तो गडाच्या बाहेरच्या मैदानाचा अहवाल असतो.

चार महिन्यांचे दार त्यामुळे कायमचे बंद झाले नाही. २०२१ साली रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांची जोडी असलेला चार महिन्यांचा कोर्स मोठ्या चाचणीत सहा महिन्यांच्या तोडीचा ठरला. औषधांची जोडी अशी हवी की कुणी कडेला काम करील आणि कुणी मध्यभागी. टीबीवरच्या औषधांच्या किती जोड्या, किती डोस, किती दिवस, याची शक्य असलेली यादी प्रचंड लांब होते. प्रत्येक जोडी माणसांवर तपासायला जन्म पुरणार नाहीत. संगणक त्या यादीला चाळण लावतो, आणि निवडक जोड्याच पुढे प्राण्यांवर आणि माणसांवर तपासायच्या.

आणखी एक गोष्ट आपल्या घरची. पूर्वी आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात टीबीच्या गोळ्या आठवड्यातून तीनदा दिल्या जात. २०१७ साली देशभर रोज गोळ्या देण्याची पद्धत आली. तो बदल संगणकामुळे झाला नाही, त्यामागे रुग्णांवरचे अभ्यास होते. पण दोन डोसांमधली फट गाठीच्या आत काय करते, हे पटावर पाहिले की रोजच्या गोळीचा अर्थ लगेच ध्यानात येतो. आठवड्यात दोन गोळ्या चुकवणारा रुग्ण नकळत तीच जुनी फट पुन्हा उघडत असतो. औषध अर्धवट पोचलेल्या जागी जे जंतू तग धरतात, त्यांच्यातूनच औषधाला न जुमानणारे निपजतात. माझ्या गवंड्याच्या बाबतीत बहुधा हेच झाले.

संगणकाला न दिसणारे

इथे थोडी सावधगिरी हवी. पडद्यावरची गाठ म्हणजे खरी गाठ नव्हे. नियम चुकले तर निकालही चुकतो. पहिला पट तर सपाट होता, फुफ्फुसाला लांबी, रुंदी, खोली तिन्ही असतात. आता त्रिमिती प्रारूपे आली आहेत, आणि एका गाठीवरून संपूर्ण फुफ्फुस व लसिका गाठींपर्यंत हे काम पोचले आहे. तरी प्रारूप देते तो अंदाज. पुरावा शेवटी रुग्णांवरच्या चाचणीतूनच यायचा. ‘संगणकाने सांगितले’ म्हणून मी एकाही रुग्णाची एकही गोळी बदललेली नाही आणि बदलणारही नाही.

त्या दहा हजार घरांच्या पटावर आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे भूक. झारखंडमध्ये अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांना पोषक आहार देऊन पाहिला. दहा हजारांहून अधिक लोकांच्या या अभ्यासाचा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. जास्तीचा आहार मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी राहिले. डाळ-तांदळाने हे साधले. टी पेशी वेळेवर आणि पुरेशा याव्यात, असे प्रारूप सांगते. उपाशी शरीर त्या कुठून आणणार? ‘निक्षय पोषण’ योजनेत रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला एक हजार रुपये मिळतात. ते खात्यात जमा होतात की नाही हे विचारणे मी आता तपासणीचाच भाग समजते.

केसपेपरची मागची बाजू

हल्ली तो प्रश्न आला की मी केसपेपर उलटा करते आणि त्यावर एक वर्तुळ काढते. आत आणखी एक लहान वर्तुळ. बाहेरच्या कडेवर रेघा मारते आणि सांगते, “दादा, इथले जंतू मेले. म्हणून खोकला गेला, म्हणून थुंकी स्वच्छ आली. आता आतल्या गोलात बसलेत ते राहिले. तिथं गोळी हळूहळू झिरपत जाते. एक दिवस सोडली की पुन्हा मागे येते. उरलेले चार महिने त्या आतल्या गोलासाठी आहेत.” याला दोन मिनिटे लागतात. रांग कितीही मोठी असली तरी ही दोन मिनिटे काढायची, असे मी ठरवले आहे.

वाचकांना काही गोष्टी सांगते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे यांतले काही असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. ती आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. घरात कुणाला टीबी झाला असेल तर बाकीच्यांनीही तपासून घ्या, लहान मुलांनी तर नक्कीच. गोळ्या सुरू असताना लघवीला नारिंगी रंग आला तर घाबरू नका, तो रिफॅम्पिसिनचा असतो. उलट्या, डोळे पिवळे होणे, अंधुक दिसणे असे काही झाले तर मनाने गोळ्या चालू ठेवू नका किंवा सोडून घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात या. आणि गोळ्या चुकल्या असतील तर रागावतील म्हणून येणे टाळू नका. चुकल्याचे लवकर कळले तर सावरता येते.

गेल्या महिन्यात तो गवंडी त्याच्या पुतण्याला घेऊन आला होता. पुतण्याला नुकताच टीबी निघाला आहे. मी वर्तुळ काढून समजावत होते. काका शेजारी बसून, मान पुढे काढून ऐकत होता. माझे झाल्यावर त्याने तो कागद स्वतःकडे ओढला, आतल्या वर्तुळावर बोट ठेवले आणि पुतण्याला मोठ्याने म्हणाला, “हे बघ, मी याच्यात अडकलो होतो.”